इंग्रजीशी गट्टी : येतं, चालेल का, हवं, पाहिजेच!

मुलांनो, नांदेडला गोदावरीच्या घाटावर ‘मला पोहता येतं’ म्हणणं वेगळं आणि ‘मी पोहू का?’ विचारणं वेगळं. पहिल्यात क्षमता आहे, म्हणून ‘आय कॅन स्विम’. दुसऱ्यात परवानगी आहे, म्हणून ‘मे आय स्विम?’ नदीला पूर असेल, तर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही घरचे नाहीच म्हणणार!

आता लातूरला चला. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळामुळे मिरजेहून रेल्वेनं इथं पाणी आणावं लागलं. एरवी आपण म्हणतो, पाणी जपून वापरायला हवं : ‘वी शुड सेव्ह वॉटर.’ हा झाला सल्ला. पण पाणी रेल्वेनं येऊ लागलं, की जपलंच पाहिजे : ‘वी मस्ट सेव्ह वॉटर.’ ‘मस्ट’मधून सुटका नाही.

कॅन, मे, शुड, मस्ट ही साहाय्यक क्रियापदं. त्यांच्यापुढे मुख्य क्रियापद मूळ रूपातच राहतं. ‘शी स्विम्स’ बरोबर. पण ‘शी कॅन स्विम्स’ चूक, ‘शी कॅन स्विम’ बरोबर. मध्ये ‘टू’सुद्धा घालायचा नाही.

आता तुमची पाळी! घरातल्या पाण्याच्या माठाजवळ लावायला एक सूचना इंग्रजीत लिहा. ‘शुड’ घ्यायचं की ‘मस्ट’, ते मात्र माठातलं पाणी बघून ठरवा.