‘पित्त उठले’ म्हणजे नेमके काय?

अंगावर लालसर, खाजऱ्या गांधी उठल्या की ‘पित्त उठले’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. मग आमसुलाचे पाणी अंगाला लावले जाते, तूरडाळ, वांगे, अंडी बंद होतात आणि आम्लपित्ताची गोळी सुरू होते. आमसुलाच्या पाण्याने गारवा वाटत असेल तर त्यात गैर नाही. परंतु या गांधींचा जठरातील आम्लाशी संबंध नाही. त्यांचे मूळ त्वचेतच, मास्ट पेशींमध्ये असते.

जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी १८७८ साली आपल्या प्रबंधात या पेशींचे वर्णन केले. कणांनी गच्च भरलेल्या दिसल्यामुळे त्या भरपूर पोसलेल्या असाव्यात, असे समजून त्यांनी हे नाव दिले. ते कण म्हणजे हिस्टामिनसारख्या रसायनांचे साठे आहेत, हे पुढे उलगडले. त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या व मज्जातंतूंच्या शेजारी या पेशी पहारेकऱ्यासारख्या उभ्या असतात. त्यांच्यावर ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडे बसलेली असतात. ॲलर्जीकारक पदार्थ त्या प्रतिपिंडांना जोडला गेला की काही मिनिटांत साठा बाहेर पडतो. रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव पाझरून गांध उठते आणि मज्जातंतू चेतवले जाऊन खाज सुटते.

एक गांध सहसा २४ तासांत मावळते व दुसरीकडे नवी उठते. हा क्रम ६ आठवड्यांहून अधिक चालला, तर त्यास जुनाट शीतपित्त म्हणतात. अशा दीर्घ आजारात अन्नाची ॲलर्जी हे कारण क्वचितच आढळते. अनेक रुग्णांत शरीराने स्वतःविरुद्धच तयार केलेली प्रतिपिंडे मास्ट पेशींना डिवचत असतात. म्हणून वाढत्या वयाच्या मुलाचे दूध, अंडी, डाळी अंदाजाने तोडणे म्हणजे आजार तसाच ठेवून कुपोषणाला आमंत्रण देणे होय. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनी मात्र गांधी वाढू शकतात. त्यांची माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी.

झोप न आणणारी हिस्टामिनरोधक गोळी हा उपचाराचा पाया आहे. गांधी उठल्यावरच नव्हे, तर ती रोज नियमाने घ्यावी लागते. हिस्टामिनने जागा पटकावण्यापूर्वी गोळीने ती अडवलेली असली, तरच तिचा पूर्ण लाभ होतो. आराम न पडल्यास मात्रा वाढवता येते. तो निर्णय डॉक्टरांचा. त्यानेही भागले नाही, तर आयजीईला बांधून ठेवणारे ओमालिझुमॅब हे इंजेक्शन उपलब्ध आहे.

इसबाची गोष्ट निराळी. तेथेही मास्ट पेशी दाहात भाग घेतात, परंतु त्या अनेकांपैकी एक असतात. त्वचेचा संरक्षक थर कमकुवत झालेला असतो आणि टी पेशींची रसायनेही खाज निर्माण करतात. म्हणून केवळ ॲलर्जीच्या गोळीने इसब आटोक्यात येत नाही. त्वचा ओलसर राखणारे मलम दिवसातून दोनदा, विशेषतः आंघोळीनंतर लगेच लावणे, हे अधिक मोलाचे.

आपल्या शिवारातील गाजर गवताचे उदाहरण पाहा. भारतातील त्याची नोंद १९५६ साली पुण्याहून प्रसिद्ध झाली आणि त्यापासून होणाऱ्या त्वचादाहाचे वर्णन डॉ. लोणकर व सहकाऱ्यांनी १९७४ साली केले. चेहरा, पापण्या, मान, कोपराच्या घड्या येथे उठणारा हा दाह मुख्यतः टी पेशींचा असतो. तो एक-दोन दिवसांनी उमटतो व रेंगाळतो. कोल्हापूर परिसरात पावसाळ्यात बांधावर हे गवत माजते. ते उपटताना हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा व तोंडावर रुमाल असावा. ॲलर्जी असलेल्याने हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

दोन गोष्टी घरातील प्रत्येकाने ध्यानात ठेवाव्यात. औषधाच्या दुकानातून स्वतःहून आणलेली स्टेरॉइडयुक्त मलमे महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते आणि नायट्यावर लावल्यास तो पसरतो. आणि गांधींसोबत जीभ वा घसा सुजला, आवाज बसला, दम लागला किंवा भोवळ आली, तर घरगुती उपायांत क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. तेथे ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन वेळेवर मिळणे, हाच जीव वाचवणारा उपचार आहे.