विश्लेषण : एसटीचे तिकीट माफ, पण पायरी चढायची कशी?

मार्केट यार्ड ते स्वारगेट हे अंतर जेमतेम दोन किलोमीटर. पण गुडघे धरलेल्या आजीला साताऱ्याला न्यायचे म्हटले, की घरातल्यांना हेच दोन किलोमीटर पुढच्या शंभराहून जड वाटतात. घाटात गाडी चालते, आजी नुसती बसून असते. तिला चढवायचे, उतरवायचे, उभे करायचे, हे सगळे इथेच येते. गेल्या काही वर्षांत ज्येष्ठांच्या प्रवासखर्चाबद्दल सरकारी निर्णय झाले. पायरीबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही.

सवलत नेमकी कुणाला?

ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढील नागरिकांना एसटीत राज्यभर मोफत प्रवास आहे. ६५ ते ७५ वयोगटाला अर्धे तिकीट. १७ मार्च २०२३ पासून महिलांनाही अर्धे तिकीट आहे. म्हणजे आजीसोबत लेक किंवा सून गेली तर निम्मे भाडे, मुलगा गेला तर पूर्ण. ही मोफत सवलत पीएमपीला लागू नाही. तिथे ज्येष्ठांसाठी सवलतीचा पास आहे. आधार कार्डावरची जन्मतारीख दाखवली की एसटीतले काम होते.

अडचण अशी, की सवलत जन्मतारखेवर मिळते आणि दुखणे गुडघ्यात असते. ८० वर्षांचा माणूस तुरुतुरु चालत असेल, तर ६२ वर्षांच्या बाईला दोन पायऱ्या चढता येत नसतील. बाजारात आयुष्यभर पाठीवर पोती वाहिलेल्या हमालांचे कंबर-गुडघे तर ७५ वर्षांची वाट पाहत नाहीत.

पायरीचे गणित काय सांगते?

अपंग व ज्येष्ठांना वापरता येतील अशा इमारतींसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यानुसार जिन्याची एक पायरी १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावी. म्हणजे साधारण सहा इंच.

आता बस पाहा. शहरी बससाठीच्या केंद्रीय निकषांत तीन प्रकार आहेत : ९००, ६५० आणि ४०० मिलिमीटर उंचीच्या फ्लोअरच्या गाड्या. ९०० मिलिमीटर म्हणजे वरच्या हिशेबाने सहा पायऱ्यांचा जिना. बसमध्ये तो दोन-तीन पायऱ्यांत उरकलेला असतो. बाहेरगावच्या एसटीचे फ्लोअरही उंचच. म्हणून आजी दांडा धरून स्वतःला वर ओढते, मागून नातू आधार देतो आणि वाहक घंटीच्या दोरीला हात लावून उभा असतो.

लो-फ्लोअर बसमध्ये आत पायरी नसते. फुटपाथ १५० मिलिमीटर उंच असेल आणि बस त्याला चिकटून थांबली, तर उरतो तो २५० मिलिमीटरचा फरक. तो हात धरून पार होतो. पण बस फुटपाथपासून दोन फूट लांब थांबली, की प्रवासी आधी रस्त्यावर उतरतो आणि मग पूर्ण ४०० मिलिमीटर चढतो. महागडी गाडी विकत घेऊन तिचा निम्मा फायदा थांब्यावर घालवायचा, असा हा प्रकार. गाडी फुटपाथला लावण्यासाठी वेगळा निधी लागत नाही. थांब्यासमोर रिक्षा आणि टेम्पो उभे नसणे आणि चालकाला तशी ताकीद असणे पुरते.

पुण्याला हे नवीन नाही. डिसेंबर २००६ मध्ये सातारा रस्त्यावर बीआरटीचा प्रयोग सुरू झाला. फलाट आणि बसचे फ्लोअर एका पातळीवर असावे, हेच बीआरटीच्या कल्पनेचे एक मूळ सूत्र.

मार्केट यार्डातच जास्त त्रास का?

कारण हा भाग माणसांपेक्षा मालासाठी आखलेला आहे. भुसार बाजार, फळे-भाजीपाला, फुले, शेजारी टिंबर मार्केट. रस्ते रुंद असले तरी त्यावर ट्रक, टेम्पो, हातगाड्या. रविवारी आवक सर्वाधिक. त्या सकाळी काठी किंवा वॉकर घेऊन रस्ता ओलांडणे टाळलेलेच बरे. निघण्याचा दिवस आपल्या हातात असेल, तर रविवार सोडून निघावे.

टॅक्सी बोलावतानाही एक गोष्ट विसरली जाते. ॲपवरच्या अनेक गाड्या सीएनजीवर चालतात आणि टाकी डिकीत असते. घडीची व्हीलचेअर तिथे मावत नाही. गाडी दारात आल्यावर हे कळण्यापेक्षा चालकाला आधी फोन करून विचारावे. फार उंच किंवा फार बुटकी गाडीही नको. सीट साधारण कमरेच्या उंचीला असली की बसणे सोपे जाते. आधी पाठमोरे टेकायचे, मग पाय आत घ्यायचे. रिक्षात हे जमत नाही, तिथे वाकूनच शिरावे लागते.

रेल्वेचा नियम कुठे अडवतो?

ज्येष्ठांची तिकीट सवलत २० मार्च २०२० पासून थांबवण्यात आली. खालच्या बर्थचा कोटा मात्र आहे : ६० वर्षांपुढील पुरुष आणि ४५ वर्षांपुढील महिलांसाठी. त्यात एक खोच आहे. या कोट्यात अशा निकषात बसणारे एक किंवा दोनच प्रवासी एका तिकिटावर चालतात. ३० वर्षांच्या नातवाचे नाव त्याच तिकिटावर घातले, की कोटा गेला. म्हणजे आजी एकटी निघाली तर तिचा विचार होतो, सोबत कुणी असेल तर नाही! त्यामुळे अनेक घरांत दोन वेगळी तिकिटे काढतात आणि डबे वेगळे आले तर गाडीत तिकीट तपासनिसाला विनंती करतात.

दिव्यांगांच्या रेल्वे सवलतीत सोबत्याचाही विचार केला आहे. पण त्यासाठी प्रमाणपत्र लागते. म्हातारपणाचे असे प्रमाणपत्र नसते.

कायदा काय म्हणतो?

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा वाहतूक सुगम करण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. त्याखालच्या नियमांत मात्र बरेच निकष ऐच्छिक राहिले होते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुडी प्रकरणात तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष तीन महिन्यांत ठरवण्यास केंद्राला सांगितले. उतार, लिफ्ट, लो-फ्लोअर बस यांचा उपयोग प्रमाणपत्र नसलेल्या आजीलाही तेवढाच होतो. रॅम्पवर कुणी आधार कार्ड मागत नाही.

मेट्रो आल्यावर सुटेल का?

काही प्रमाणात. स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो २९ सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे. फलाट आणि डबा एका पातळीवर असल्याने तिथे चढण्याचा प्रश्न येत नाही. स्वारगेट-कात्रज या ५.४६ किलोमीटरच्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. २,९५४.५३ कोटींचा हा मार्ग फेब्रुवारी २०२९ पर्यंत पूर्ण करण्याचे उद्दिष्ट आहे आणि मार्केट यार्डला त्यावर स्थानक मिळणार आहे.

पण भुयारी स्थानकाची लिफ्ट रस्त्याच्या एकाच बाजूला उघडली, तर पलीकडच्या आजीला ट्रकांमधून रस्ता ओलांडूनच तिथे यावे लागेल. लिफ्ट दोन्ही बाजूंना आहे का आणि तिच्यासमोर रिक्षा थांबायला जागा ठेवली आहे का, हे बाजार समितीने आणि इथल्या सोसायट्यांनी महामेट्रोला बांधकाम पुढे सरकण्याआधीच विचारून घ्यायला हवे.