लॉटरीच्या पैशाचं दान चर्चने घ्यावं की नाकारावं?

२००२ च्या नाताळात अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाचे जॅक व्हिटेकर यांना पॉवरबॉलचा ३१ कोटी ४९ लाख डॉलरचा जॅकपॉट लागला. त्यांनी लगेच सांगून टाकलं की यातला दशमांश, म्हणजे दहावा हिस्सा, चर्चला देणार. पुढे त्या पैशातून चर्चच्या इमारती उभ्या राहिल्या.

त्याच सुमारास फ्लोरिडातल्या नेपल्स शहरात उलटं घडलं. लॉटरी लागलेल्या एका गृहस्थांनी मुक्तिफौजेला, म्हणजे साल्व्हेशन आर्मीला, १ लाख डॉलर दिले. संस्थेने ते परत केले. जुगारामुळे उघड्यावर आलेल्या कुटुंबांसोबत संस्था काम करते, मग तोच पैसा कसा घ्यायचा, असं कारण देण्यात आलं. २००८ मध्ये फ्लोरिडातल्याच ऑरेंज पार्कमधल्या एका बॅप्टिस्ट चर्चनेही लॉटरीचा सुमारे ६ लाख डॉलरचा दशमांश नाकारला.

मग बरोबर कोण?

ख्रिस्ती पंथांमध्येच यावर एकमत नाही. कॅथलिक चर्चच्या अधिकृत शिकवणीनुसार (परिच्छेद २४१३) पैज किंवा नशिबाचा खेळ मुळात अन्याय ठरत नाही. पण त्यापायी स्वतःच्या किंवा घरच्यांच्या गरजेचा पैसा जाऊ लागला, की तो चूक ठरतो. अमेरिकेत कित्येक कॅथलिक चर्चच्या हॉलमध्ये निधीसाठी बिंगो खेळला जातो, तो याच भूमिकेमुळे. बॅप्टिस्ट, मेथडिस्ट आणि मुक्तिफौज यांचा मात्र जुगाराला जुना विरोध आहे.

दान घ्यावं म्हणणाऱ्यांचा मुद्दा साधा आहे. पैसा परत केल्याने हरलेल्याला तो मिळत नाही. उलट त्यातून उपाशी माणसाच्या पोटात दोन घास जातील. शिवाय दानपेटी कुणाकडे पावती मागत नाही. नोट पगाराची की पत्त्यांच्या डावातली, हे कळणार कसं?

बायबलमधली ३० नाणी

बायबलमध्ये जुगारावर थेट बंदी नाही. पण नकोशा पैशाचं काय करायचं, याचा एक प्रसंग मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. येशूला पकडून देणाऱ्या यहूदाने चांदीची ३० नाणी मंदिरात फेकून दिली. हे रक्ताचं मोल आहे, म्हणून याजकांनी ती मंदिराच्या भांडारात टाकली नाहीत. त्यातून कुंभाराचं शेत विकत घेतलं आणि परक्यांना पुरण्यासाठी ठेवलं. म्हणजे पैसा लोकांच्या कामी आला, पण देवळाने तो आपला मानला नाही.

हरलेल्यांचं काय?

लॉटरीत जिंकणारा एक असतो आणि त्याचं बक्षीस हरलेल्या लाखोंच्या तिकिटांतून येतं. जिंकणाऱ्याचा दशमांश सगळ्यांना दिसतो. मात्र पगार हरून आलेल्या माणसाची बायको त्याच चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलेली असेल, तर ती कुणाला दिसत नाही. मोठ्या देणगीदाराचं नाव भिंतीवर कोरलं गेलं, तर त्यातून तिने काय समजायचं?

गोव्यासाठी हा प्रश्न परका नाही. तिथे मांडवीत तरंगते कॅसिनो आहेत आणि चर्चने त्यांना जाहीर विरोध केला आहे. एकीकडे विरोध आणि दुसरीकडे कॅसिनोतल्या कमाईची देणगी, हे एकत्र चालवलं तर विरोधातली धारच जाईल.

म्हणून गुपचूप पेटीत पडलेल्या नोटेची चौकशी करण्यात अर्थ नाही. जाहीर, मोठी देणगी मात्र वेगळी. ती घेतल्यावरही जुगाराविरुद्ध मोकळेपणाने बोलता येणार असेल, आणि ती इमारतीऐवजी हरलेल्यांच्या घरांसाठी खर्च होणार असेल, तर घ्यायला हरकत नाही. पण देणगीदार दुखावेल म्हणून व्यासपीठावरून जुगाराचा विषयच टाळावा लागणार असेल, तर तो चेक परत केलेलाच बरा.