कुत्रा पाळा, जात पाळू नका

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात सध्या पिल्लू आणायची चर्चा चालू आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचाच.

२०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात भटक्या कुत्र्यांचं प्रकरण गाजलं, तेव्हा आपल्या सगळ्या ग्रुपवर दोन तट पडले होते. एक म्हणे सगळी उचला, दुसरा म्हणे एकालाही हात लावू नका. त्या भांडणात एक प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. हजारो रुपये मोजून आणलेली जातिवंत कुत्री रस्त्यावर येतात कशी? केसांच्या गाठी झालेलं, गळ्यावर पट्ट्याचा वण असलेलं कुत्रं मी दांडी-नवापूरच्या किनाऱ्यावर तीनदा पाहिलंय. ती काही भरतीबरोबर वाहून आली नव्हती. कुणीतरी गाडीतून आणून सोडली होती.

आधी हे बघू की आपण जात निवडतो कशी. १९९४ ला 'हम आपके हैं कौन' आला आणि टफीमुळे घरोघरी पांढरं पॉमेरियन आलं. (आपण ज्याला पॉमेरियन म्हणतो, ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं. त्याला आपली हवा तरी मानवते.) २००३ मध्ये मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत पग दिसला आणि सगळ्यांना पग हवा झाला. आता रील्समध्ये निळ्या डोळ्यांचा हस्की दिसतो, म्हणून बोईसरच्या वन बीएचकेमध्ये हस्की. म्हणजे कुत्रा आपल्याला आवडण्याआधी तो पडद्यावर कुणाला तरी शोभलेला असतो.

आता हस्कीचंच बघा. सैबेरियात बर्फावरून स्लेज ओढण्यासाठी तयार झालेलं हे जनावर. अंगावर केसांचे दोन थर, आतला लोकरीसारखा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, तोंडातला ओलावा उडतो आणि अंग थंड होतं. पण हवाच दमट असेल तर ओलावा उडणार कसा? आपल्याकडे मे महिन्यात विदर्भासारखा ४५ अंश पारा चढत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण खरा त्रास आपल्या समुद्राच्या दमट हवेचा आहे. त्यात लाईट गेली की एसी बंद. मग उपाय म्हणून कुणी त्याला भादरून काढतं. तेही चूक, कारण तेच केस त्याला उन्हापासून वाचवत असतात. पगचं वेगळं दुखणं. नाक चपटं, श्वासनलिका अरुंद, धापासुद्धा नीट टाकता येत नाहीत. तो झोपेत घोरतो तेव्हा आपण हसून व्हिडिओ काढतो. खरं तर त्याला श्वास घ्यायला कष्ट पडत असतात.

लॅब्राडॉरची गोष्ट आपल्या लोकांना आवडेल. त्याचे पूर्वज म्हणजे कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावरच्या मच्छीमारांची कुत्री. पाण्यात उडी मारून जाळ्याचे दोर ओढायची, गळातून सुटलेला मासा पकडून आणायची. म्हणजे लॅब मुळात कोळ्याचाच कुत्रा! १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी मुंबई पोलिसांसाठी स्फोटकं हुंगून काढणारा झंजीर लॅब्राडॉरच होता. गुणी जात, वादच नाही. पण तो समुद्र थंड, आपला कोमट. शिवाय साधारण चौथाई लॅब्राडॉरमध्ये एक जनुकीय दोष असतो, त्यामुळे त्यांना सतत भूक लागलेली असते. दिवसभर घरात बांधलेला आणि ताटातलं उरलेलं सगळं खाणारा लॅब चार-पाच वर्षांत पिंपासारखा होतो, कंबरेत आणि पायात अधू होतो. मग घरचे म्हणतात, 'पहिल्यासारखा राहिला नाही.'

कुणाच्या प्रेमावर मला शंका नाही. आपल्याकडे माणसं कुत्रा का पाळतात हे मला पक्कं माहीत आहे. होडी चार-पाच दिवस समुद्रात असते, तेव्हा घरात म्हातारी आणि दारात कुत्रा. एमआयडीसीत रात्रपाळी करून आलेल्या माणसाला पहाटे गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत सोबत करणारा तोच. कॉलनीत मुलं शिकायला बाहेर गेली की मागे राहिलेल्या आईबापांशी दिवसभर बोलणारा तोच. या सगळ्या कामांना माणसाला लळा लागणारा प्राणी हवा, एवढंच. त्यासाठी कागदावर लिहिलेली जात लागत नाही.

आणि असा प्राणी आपल्या दारातच आहे. गावठी. आखूड केस, उभे कान, सडपातळ बांधा. उन्हाळ्याला आणि दमट हवेला शतकानुशतकं टिकलेला. दोऱ्यांवर वाळत घातलेल्या बोंबलांखाली बसून कावळ्यांना हाकलणारा मोती, काळू, वाघ्या हाच. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, त्यांतलं एकही हस्की नाही! पण 'गावठी' हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो, माणसालाही आणि कुत्र्यालाही. माणसांची जात पाळू नये असं स्टेजवरून सांगणारेसुद्धा कुत्र्याची मात्र कटाक्षाने पाळतात.

हेही सांगतो, 'देशी' म्हणून उद्या सगळे कारवान किंवा मुधोळ आणायला निघाले तर तीच चूक होईल. मराठवाडा, सोलापूर आणि पलीकडच्या कर्नाटकातल्या मोकळ्या माळावर धावणारी ही शिकारी कुत्री. त्यांना फ्लॅटमध्ये कोंडणं हाही छळच.

कायदा काय म्हणतो? पाळलेलं जनावर वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड १० ते ५० रुपये. ५० रुपयांत आज बोंबलाचा वाटाही येत नाही! २०१७ च्या नियमांप्रमाणे पिल्लं विकणाऱ्याकडे नोंदणी हवी आणि दोन महिन्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. आपल्यापैकी किती जणांनी विकणाऱ्याकडे नोंदणीचा कागद मागितला? २०२४ मध्ये केंद्राने २३ जाती 'हिंस्र' ठरवून त्यांच्यावर बंदी घालायला राज्यांना कळवलं. ते पत्र कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केलं. माझ्या मते जातीवर बंदी घालून काही साधणार नाही. पाळणाऱ्याच्या गळ्यात जबाबदारी पडली तरच फरक पडेल.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे.

पिल्लू हवं असेल तर आधी गल्लीत बघा. गावठी पिल्लू घरात आणा, रेबीजची लस द्या आणि ती दरवर्षी चुकवू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणसालाही वाचवता येत नाही.

जातिवंत कुत्रा आधीच घरात असेल तर त्याला शेवटपर्यंत सांभाळा. फिरवणं पहाटे आणि सूर्य मावळल्यावर. पावसाळ्यात गोचिडी रोज तपासा, कारण गोचिडीच्या तापाने चांगली धडधाकट कुत्री जातात. आणि पिल्लांचा धंदा मांडू नका.

तिसरी गोष्ट पंचायतीची. २०२३ च्या नियमांनुसार कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे, आणि त्यात ग्रामपंचायतही येते. एकट्या गावाला खर्च झेपणार नाही. पण दांडी, नवापूर, उच्छेळी, आलेवाडी, मुरबे अशा किनाऱ्यावरच्या गावांनी मिळून जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाकडे मागणी केली तर शिबिर नक्कीच होऊ शकतं. सोबतच गावातल्या पाळीव कुत्र्यांची एक साधी वही करा. मालकाचं नाव, लस दिल्याची तारीख, बस्स. मग किनाऱ्यावर सोडलेलं कुत्रं कुणाचं, हे विचारायला जागा राहील.

येत्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे. सही करायची तयारी असेल त्यांनी खाली नाव लिहा. नुसता अंगठा दाखवू नका, त्या दिवशी या.