घड्याळातली शिल्लक

जलद बुद्धिबळाच्या स्पर्धा आता गावोगावी भरू लागल्या आहेत. आमच्या कवठे महांकाळसारख्या तालुक्याच्या गावातली मुलेही पट घेऊन बसलेली दिसतात. डावाची सुरुवात, म्हणजे 'ओपनिंग', त्यांना पाढ्यांसारखी पाठ असते. पहिल्या दहा-बारा चाली झरझर होतात. मात्र समोरच्याने पाठाबाहेरचे प्यादे पुढे सरकवले, की पोर बावरते.

पाठांतराला मी नावे ठेवणार नाही. पंधरा मिनिटांच्या डावात सुरुवातीलाच विचार करीत बसले, तर पुढे हाती काय उरणार? बँकेत उमर घालवल्यामुळे शिल्लक राखण्याचे महत्त्व मला सांगावे लागत नाही. पण राखलेला वेळ खर्च कसा करायचा, ते पाठांतर शिकवीत नाही.

२८ जुलै २०२५ चा बाटुमीचा डाव आठवा. महिला विश्वचषकाची अंतिम फेरी. एका बाजूला नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख. दुसऱ्या बाजूला ३८ वर्षांची कोनेरू हंपी, २०१९ आणि २०२४ ची जलद बुद्धिबळातली जगज्जेती. दीर्घ पद्धतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. मग आले जलद डाव. पहिला बरोबरीत, दुसरा काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या दिव्याने जिंकला. निकाल सुरुवातीच्या चालींत लागला नाही. पट रिकामा होत आला, घड्याळ संपत आले, तेव्हा लागला. हंपीसारखी कसलेली खेळाडूही तिथे चुकली.

तिथे उपयोगी पडते ती एकाच पटाकडे तासन्तास पाहण्याची जुनी सवय. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने ही सवय किती पिढ्यांना लावली! याच सांगलीच्या स्वाती घाटे महिला ग्रँडमास्टर झाल्या. आपल्या देशी खेळात तर प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाई. डाव सावकाश मुरत असे.

आमचा भाग दुष्काळी. श्रावणातच विहीर उपसणाऱ्याचे वैशाखात काय होते, हे इथे कुणाला सांगावे लागत नाही. म्हणून आईबापांना एवढेच सांगणे: मुलांना स्पर्धेला जरूर न्या. पण आठवड्यातून एक डाव घड्याळाशिवाय खेळू द्या. आणि हरून आलेल्या मुलाला गुण विचारण्याआधी विचारा, "पाठ केलेले संपल्यावर तुला काय सुचले रे?"