वर्गणीदाराचा विश्वास

संगीतशिक्षक असो वा पाककृती शिकविणारी गृहिणी, आपल्या संकेतस्थळावर सभासदांसाठी सशुल्क दालन उघडणे आज छोट्या व्यावसायिकालाही शक्य झाले आहे. त्याचे स्वागतच केले पाहिजे. कष्टाने मिळविलेली विद्या फुकट वाटावी, असा आग्रह कोणी धरू नये. परंतु वर्गणी हा केवळ व्यवहार नव्हे, तो विश्वास आहे. बटण दाबताच सभासदत्व मिळावे आणि सोडताना मात्र दमछाक व्हावी, हा प्रकार केंद्र सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी निषिद्ध ठरविला आहे. वर्गणी आपोआप कापली जाण्यापूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकास सूचना मिळावी, असा रिझर्व्ह बँकेचाही दंडक आहे. कायद्याच्या धाकाने नव्हे, तर नीती म्हणून हे पाळावे. वाचनालयाचा वर्गणीदार अनामत परत घेऊन सन्मानाने जाऊ शके. म्हणूनच तो पुन्हा येई.