खुबा, नडगी आणि माकडहाड

आमच्या घरातील एक वृद्ध आत्याबाई न्हाणीघरात घसरून पडल्या, तेव्हाची गोष्ट. क्ष-किरण तपासणीनंतर तरुण डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, ‘नेक ऑफ फीमर गेलंय.’ जमलेल्यांपैकी ज्यांना त्यातला ‘नेक’ एवढाच शब्द ओळखीचा होता, त्यांनी आत्याबाईंची मान मोडली असे धरले. गावी निरोपही तसाच गेला. मानेची शस्त्रक्रिया म्हणजे जिवावरचा खेळ, या धास्तीने संमतीपत्रावर सही व्हायला एक अख्खा दिवस लागला. अशा अस्थिभंगात वृद्धांची शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हावी, असे वैद्यक सांगते. त्यातला निम्मा वेळ आम्ही एका शब्दापायी दवडला. अखेर एक परिचारिका सहज म्हणाली, ‘आजींचा खुबा मोडलाय.’ सगळ्यांना सगळे उमगले.

इंग्रजीवर खापर फोडून मोकळे होणे सोपे आहे. परंतु डॉक्टरांनी शुद्ध पारिभाषिक मराठीत ‘ऊर्वस्थीच्या ग्रीवेचा भंग’ असे सांगितले असते, तरी आमची मंडळी तितकीच गोंधळली असती. प्रश्न इंग्रजी की मराठी हा नसून, शब्द शरीराला लागून आहे की कागदाला, हा आहे.

आपल्या बोलीतील हाडांची नावे पाहावीत. नडगी, बरगडी, मणका, घोटा, टाच, कवटी, गुडघ्याची वाटी, माकडहाड. ही सारी बोटांना लागणारी किंवा ठेच खाणारी ठिकाणे आहेत. नडगीला नाव आहे, कारण ती कातडीखाली लगेच हाताला लागते आणि आपटली की डोळ्यांत पाणी आणते. तिच्या शेजारचे बारीक हाड बहुतांशी स्नायूंत दडलेले, म्हणून बोलीने त्याची दखल घेतली नाही. रुग्णाला तपासताना डॉक्टरही आधी हाताला लागणाऱ्या याच उंचवट्यांचा आधार घेतो. दुसऱ्या भाषांनीही असेच पाहिले आहे. लॅटिन ‘पॅटेला’ म्हणजे लहानशी थाळी. आपण तिथे वाटी पाहिली. ग्रीकांना माकडहाडात कुकू पक्ष्याची चोच दिसली, आपल्याला माकड आठवले.

संस्कृत शब्दांशी आमचे वैर नाही. प्रेत सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवून, मग त्वचेचे थर हलके खरवडीत शरीर पाहावे, असे सुश्रुतसंहिता सांगते. सुश्रुताने हाडे 300 मोजली, चरकाने 360. आजचे शास्त्र प्रौढ शरीरात 206 मानते. दात आणि कूर्चाही हाडांतच धरल्याने तो आकडा फुगला. परंतु त्याने केलेले कपाल, रुचक, तरुण, वलय, नलक हे पाच प्रकार डोळ्यांनी पाहून केलेले आहेत. मटणाच्या रश्श्यातील नळी आणि सुश्रुताचे नलक एकाच घरातले. अडचण आहे ती इंग्रजी शब्द समोर ठेवून बसल्या जागी घडवलेल्या प्रतिशब्दांची.

बोलीचे शब्द ढोबळ असतात, हा आक्षेप खरा आहे. ‘खुबा’ म्हटल्याने सांध्याची खोबण मोडली की मांडीच्या हाडाचा माथ्याखालचा भाग, हे कळत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्याला तेवढ्यावर भागवता येणार नाही, आणि त्याने भागवावे असे आम्ही म्हणतही नाही. पण संमती देणाऱ्याला आधी ‘कुठे’ हे कळले पाहिजे, नेमकेपणा त्यानंतरचा. खुब्याच्या जागी हात ठेवून ‘इथे, मांडीचे हाड सांध्यात बसते तिथे मोडले आहे’ एवढे सांगायला अर्धे मिनिट पुरते.

म्हणून आमचे मागणे लहान आहे. पाठ्यपुस्तकात सांगाड्याचे चित्र छापताना पारिभाषिक संज्ञेशेजारी बोलीतला शब्दही असावा. रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलताना तो आधी यावा. आणि जुन्या हाडवैद्यांच्या तोंडी असलेले शब्द, त्यांचे उपचार मानोत वा न मानोत, कोणीतरी टिपून ठेवावेत. आत्याबाई पुढे काठी घेऊन चालू लागल्या. त्या एका दिवसाची रुखरुख मात्र आमच्या मनातून गेलेली नाही.